कलाशाळा आणि कलेची हौस

(कुंभार ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



दरवर्षी ह्या प्रसंगी कोणी डॉक्टरीविषयी बोलतो, कोणी इंजिनियरीविषयी, कोणी स्पर्धा-परीक्षांविषयी. ते सर्व विषय महत्त्वाचे आहेत. परंतु ह्या वर्षी आपल्या ज्ञातीतील तीन पालक निरनिराळ्या वेळी आमच्याकडे आले आणि तिघांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "गुरुजी, मुलाच्या हाताला गुण आहे. रात्ररात्र बसून चित्रे काढतो, मातीची चित्रे करतो. त्याला कलामहाविद्यालयात घालावे म्हणतो. पण लोक सांगतात की तिथे गेल्यावर हौस मरते. खरे काय ते सांगा." त्या तिघांना आम्ही त्या वेळी नीट उत्तर दिले नाही. ते आज द्यावे, एवढ्यासाठीच आम्ही उभे आहोत.

आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील तर तो थोडाच आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलो, पुढे अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि ह्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात प्राथमिक शाळांतून ३८ वर्षे मुले शिकवली. कलेचे शास्त्र आम्हांस अवगत नाही. मात्र कुंभाराच्या घरात जन्मलो, चाकाच्या आवाजात वाढलो, आणि ह्याच प्रश्नात एकदा मोठी चूक करून बसलो आहोत. त्या चुकीचा अधिकार तेवढा आमच्याजवळ आहे.

आपल्या तेरचे गोरोबाकाका ह्यांची एक कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. संतमेळा जमला असता मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून, हे कशासाठी, असे विचारले. काकांनी सांगितले की मडके कच्चे की पक्के हे ह्याने कळते. मग एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारून पाहू लागले. बाकीचे शांत राहिले. नामदेवांस मात्र राग आला, आणि काकांनी निकाल दिला की हे मडके कच्चे. आता नामदेवांच्या ठायी ओढ कमी होती काय? उलट विठ्ठलाशी बोलणारा, त्याला जेवू घालणारा असा भक्त तो. ओढ होती, उणे होते ते दुसरे काही. त्यासाठी त्यांस विसोबा खेचरांकडे जावे लागले. तेथे जाऊन नामदेवांची भक्ती आटली असे कोणीही म्हणत नाही. मंडळी, ओढ आणि शिक्षण ही एकमेकांची वैरी आहेत असे आपल्या पूर्वजांनी मानलेले नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

तथापि कलाशाळेविषयी जी भीती लोकांच्या मनात आहे ती अगदीच पोकळ नाही. मुंबईची सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. साहेबाच्या पद्धतीने पाहावे कसे, मोजावे कसे, छायाप्रकाश दाखवावा कसा, हे तेथे शिकवू लागले. आपल्याकडच्या कारागिराने पिढ्यान्‌पिढ्या हाताने जे जपले होते, त्याचे तेथे काय होणार, ही शंका तेव्हापासूनची आहे. परंतु त्याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून पुढे कित्येक वर्षे आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास येत राहिले व तेथील भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करवून घेत राहिले. त्याच शाळेत जॉर्ज टेरी ह्यांच्या देखरेखीखाली चकाकीच्या भांड्यांचे काम निघाले, आणि त्यात सिंध प्रांतातील कुंभारांची रीत घेतली गेली. म्हणजे शाळेने कुंभाराला शिकवले तसे शाळाही कुंभारापासून शिकली. ही देवघेव जेथे चालू राहिली तेथे बरे झाले. जेथे थांबली तेथे कोरडेपणा आला, असे आम्हांस वाटते.

आता काही माणसांकडे पाहू. १९४७ साली मुंबईत सहा तरुण कलावंतांनी एक गट स्थापिला. पुढे तो प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप म्हणून देशभर गाजला. त्यातील रझा आणि मूर्तिकार बाकरे हे जे. जे. मध्ये शिकलेले. सूझा ह्यांना त्याच शाळेतून १९४५ साली काढून टाकले होते. आरा हे मुंबईत घरगड्याची कामे करीत वाढले. आणि आपल्या शेजारच्या पंढरपुरात जन्मलेले हुसेन सिनेमाच्या पाट्या रंगवून पोट भरत होते. एकाच गटात शाळेचा पदवीधर, शाळेने हाकललेला आणि शाळेची पायरी न चढलेला असे तिघेही होते. तिकडे कोल्हापुरास सुताराच्या घरातील बाबूराव पेंटर कोणत्याही कलाशाळेत न जाता चित्रकार झाले, आणि सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवून त्यांनी १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट काढला. ह्यावरून कोणी म्हणेल की शाळा निरुपयोगी. तसे नव्हे. ह्यावरून एवढेच निघते की शाळेवाचूनही काही जण तरतात. किती जण वाटेत बुडाले त्यांची नावे आपल्यापर्यंत येत नाहीत.

आपल्या कामाच्या अधिक जवळचे उदाहरण विनायकराव करमरकरांचे आहे. अलिबागजवळच्या सासवणे गावी १८९१ साली त्यांचा जन्म झाला. घरात गणपती करण्याची परंपरा. पोरवयात त्यांचे गावातले काम ऑटो रॉथफील्ड ह्या कलेक्टरच्या नजरेस पडले आणि त्याने त्यांना मुंबईच्या कलाशाळेत जाण्यास साह्य केले. पुढे ते कलकत्त्यास गेले, १९२० साली विलायतेस जाऊन शिकून आले. १९२८ साली पुण्यातील श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये शिवछत्रपतींचा जो अश्वारूढ पुतळा उभा राहिला तो त्यांचा. एवढा मोठा पुतळा एकसंध ओतण्याची विद्या गणपतीच्या कारखान्यात मिळाली नसती. ती शिकावीच लागली. परंतु सासवण्यास त्यांच्या घरी जे संग्रहालय आहे तेथे जाणाऱ्याला काय दिसते? कोळीण दिसते, अंगणातली म्हैस दिसते. साध्या सिमेंटातून केलेली, गावची ओळख जशीच्या तशी घेऊन बसलेली. शाळेने त्यांच्यापासून गाव हिरावून घेतले नाही.

तसेच राम सुतार. धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी १९२५ साली सुताराच्या घरी जन्म. शाळेतील एका शिक्षकाने गुण ओळखून मुंबईस कलाशाळेत पाठविले. तेथे मेयो पदक मिळविले. १९५४ ते १९५८ ह्या काळात त्यांनी आपल्या मराठवाड्यातच, अजिंठा-वेरूळ येथे पुरातत्त्व खात्यात जुन्या शिल्पांच्या डागडुजीचे काम केले. पदक मिळाल्यानंतर ते पुन्हा जुन्या कारागिराच्या पायाशी बसले असेच म्हणावयाचे. नर्मदेकाठचा १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा त्यांच्याच कल्पनेतून २०१८ साली उभा राहिला.

ही थोरांची नावे घेतल्याने पालकांचे समाधान होत नाही, हे आम्ही जाणतो. आपला मुलगा करमरकर होणार की नाही हे कोणास ठाऊक? म्हणून आता घरचीच गोष्ट सांगतो.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा लहानपणी मातीचे बैल करी. पोळ्याचे बैल आपल्या सर्वांच्याच घरी होतात. पण त्याने केलेला बैल पाहून गल्लीतली पोरे सांगत की हा अमक्याच्या दावणीचा देवणी, हा तमक्याचा खिलार. शिंगाचा वाक, मानेची लकब, सारे त्यात असे. आमचे वडील, त्यांना सर्व जण अण्णा म्हणत, त्याचे बैल भाजण्यासाठी आव्यात स्वतः जागा राखून ठेवीत. पोराने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या दोन्ही परीक्षा चांगल्या श्रेणीत दिल्या आणि १९९८ साली तो एका दूरच्या शहरात कलाशिक्षणासाठी गेला.

दुसऱ्या वर्षी पोळ्याला तो घरी आला. अण्णांनी मातीचा गोळा पुढे ठेवला. त्याने दिवसभर खपून एक बैल केला. हाडे, सांधे, खूर, सगळे मापात. अण्णांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाले, "बैल बेस हाय. पर कुणाच्या दावणीचा हाय ते कळंना." पोर काही बोलले नाही. रात्री आमच्याजवळ येऊन म्हणाला, "तात्या, हातच उचलत नाही. काही करायला घेतले की आधी चूक दिसते."

आम्ही शिक्षक. आम्हांस वाटले, निदान झाले. शाळेने ह्याची हौस मारली. खरे सांगावयाचे तर आम्हांला निमित्तच हवे होते. चित्रे काढून पोट भरेल काय, ही धास्ती आमच्या मनात पहिल्यापासून होती. आम्ही त्याला समजावले, बंधूंना समजावले, आणि पुढच्या वर्षी त्याचे नाव काढून घेतले. तो पुढे एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामास लागला. संसार झाला, घर झाले. मात्र त्या दिवसापासून त्याने मातीला हात लावला नाही. आमच्याविषयी त्याने कधी तक्रार केली नाही, आणि आम्हीही तो विषय कधी काढला नाही.

त्याच्या मुलीने २०२१ साली, बारावीनंतर, कलेच्या चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश घेतला. आमच्या घरी बायकांनी चूल लिंपावी, चित्रे करावी, पणत्या रंगवाव्या. चाकाला मात्र हात लावू नये अशी रीत. ह्या मुलीने चाक प्रथम फिरवले ते महाविद्यालयात. जे घराने तिला दिले नव्हते ते शाळेने दिले, हेही येथे सांगितले पाहिजे.

दुसऱ्या वर्षी नवरात्राच्या सुट्टीत ती आली ती गप्प. घटासाठी माती आणलेली होती, तिच्याकडे पाहिनासुद्धा. तिच्या आईने आम्हांस निरोप धाडला की येऊन दोन शब्द सांगा. आम्ही शब्द जुळवून गेलो. पुतण्या दारातच उभा होता. तो म्हणाला, "तात्या, तिला काही सांगू नका. माझ्या वेळी तुम्ही फार लवकर बोललात."

आम्ही चहा घेतला आणि परत आलो. ह्या वयात एवढे खरे बोलणे फारसे कोणी आमच्याशी बोललेले नाही.

पुढे जवळजवळ दोन वर्षे त्या घरी कोणी तिला काही विचारले नाही. ती सुट्टीत येण्याच्या आदल्या दिवशी तिचा बाप तेरणेकाठची माती आणी, चाळून, लीद घालून मळी आणि गोळा ओल्या गोणपाटाखाली पडवीत ठेवी. वीस-बावीस वर्षांनी त्याचे हात पुन्हा मातीत गेले ते असे. बहुतेक वेळा तो गोळा तसाच वाळून जाई. २०२४ च्या पोळ्याला मात्र तिने गोणपाट उचलले. संध्याकाळपर्यंत एक बसलेला म्हातारा बैल केला. गावात आता बैल फार थोडे उरले आहेत, ट्रॅक्टरच पुष्कळ. शेजारच्या बाई दळण घेऊन चालल्या होत्या, त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा आमचाच की! पाय बघ कसा अंगाखाली घेतलाय." त्या बैलाच्या पुढच्या पायास जुनी दुखापत होती. तो पाय तसाच का मुडपतो, कोणता स्नायू आखडला म्हणजे खांदा असा उचलला जातो, हे त्या मुलीने आम्हांस नंतर बोट ठेवून दाखविले. हे ज्ञान शाळेचे. बैल ओळखीचा होता, ती ओळख घरची. अण्णा असते तर आव्यात जागा राखली असती.

ती मोठी मूर्तिकार होईल की नाही, हे आम्हांस सांगता येत नाही. २०२५ साली ती पदवीधर झाली आणि अजून मातीत आहे, एवढेच सांगतो.

ह्या दोन मुलांच्या गोष्टीवरून आम्हांस जे कळले ते असे. कलाशाळेत गेल्यावर डोळा आधी शिकतो आणि हात मागून. घरी असताना दोघे सारखेच अजाण असतात, म्हणून मुलाला आपले काम आवडते. शाळेत वर्ष-दीड वर्षात डोळा पुढे निघून जातो. त्याला हाताच्या सगळ्या चुका दिसू लागतात. आणि हात लाजून मागे सरतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की हौस मेली. ती मेलेली नसते, गप्प बसलेली असते. हात डोळ्याला गाठीपर्यंत वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपण घरची वडील मंडळी मुलाला परत बोलावतो.

दुसरी गोष्ट. ज्या हौसेला आपण जन्मजात म्हणतो तीही कोणीतरी शिकविलेलीच असते. आमच्या पुतण्याचे बैल अण्णांच्या मांडीवर बसून शिकलेले होते. तेरला कै. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय संग्रहालय आहे. तेथे मुलांना अवश्य न्यावे. सातवाहनांच्या काळातील, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, पांढऱ्या मातीच्या मूर्ती तेथे आहेत. त्या दोन साच्यांत दाबून, दोन भाग जोडून, आतून पोकळ केलेल्या. म्हणजे साचा काही आजचा नाही. पण तो पहिला साचाही कोणीतरी हातानेच केला असला पाहिजे. साच्यातून मूर्ती काढणे एक, आणि साचा करणे दुसरे. जी शाळा मुलाला केवळ साच्यातून काढावयास शिकवील ती त्याची हौस खरोखरच मारील. जी साचा करावयास शिकवील ती वाढवील.

ह्या बाबतीत शिक्षणाचेही दोष आहेत, ते झाकून ठेवू नयेत. आम्ही ज्या प्राथमिक शाळांतून शिकविले तेथे चित्रकलेचा स्वतंत्र शिक्षक ३८ वर्षांत एकदाही नव्हता. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. त्यामुळे कित्येक मुले स्थिरचित्र, संकल्पचित्र घोकल्याप्रमाणे करतात आणि परीक्षा होताच रंगाची पेटी माळ्यावर टाकतात. तेथे हौस नव्हतीच, मरणार कोठून? परंतु ज्याला हौस होती तोही त्या घोकंपट्टीत सापडतो, हे वाईट.

म्हणून त्या तीन पालकांना व आपणां सर्वांना आमचे सांगणे थोडक्यात असे. मुलाला ओढ असेल तर कलामहाविद्यालयात अवश्य पाठवा. खर्च, वसतिगृह, पुढची नोकरी ह्यांचा विचार आधी करा, मागून नको. कारण पैशाची धास्ती पुढे कलेच्या काळजीचे सोंग घेऊन येते, तसे आमचे झाले. दुसऱ्या वर्षी मूल गप्प झाले तर घाबरू नका. ते दुसऱ्याचे काम पाहते काय, थांबून निरखते काय, एवढे पाहा. पाहत असेल तर वाट पाहा. पाहणेही सोडले असेल, चेहरा उतरला असेल, तर मात्र त्याच्याजवळ बसा आणि त्यालाच विचारा. सर्वांनाच हा मार्ग मानवतो असे नाही, आणि परत येणे ही नामुष्की नव्हे. फक्त तो निर्णय मुलाचा असावा, आपला नसावा. आणि घरात थोडी माती भिजलेली असू द्या. परीक्षेची नव्हे, गुणांची नव्हे, कोणी मागितलेली नव्हे, अशी.

कच्चे मडके आव्यात घातल्यावर आपण दर घटकेला आवा उघडून पाहत नाही. उघडला तर मडके तडकते, हे आपल्याइतके कोणास ठाऊक आहे? आपल्या व्यवसायाने दिलेली ही समज आपल्या मुलांच्या बाबतीत आम्ही विसरलो, आपण विसरू नये.

 आमच्या पुतण्याने ही हकीकत सांगण्यास अनुमती दिली, त्याचे आभार, आणि त्याची ह्या सभेसमक्ष क्षमा मागून आम्ही आमचे भाषण संपवितो.